तुमचा फोन, तुमची माहिती: सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

नवी पेठेतले दुकानदार, पूर्व भागातल्या विडी कामगार महिला, विजापूर रोडवरचे निवृत्त शिक्षक, मोहोळ-बार्शीकडचे कांदा उत्पादक. फोनच्या सुरक्षेवर बैठका घेताना या सगळ्यांकडून थोड्याफार फरकानं तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सेटिंग्जची नावं कंपनीनुसार थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये वर शोधायची जी पट्टी असते, तिथे तो शब्द टाका.

१. अ‍ॅप आपल्याला ट्रॅक करतं म्हणतात. म्हणजे नेमकं करतं काय?

बहुतेक मोफत अ‍ॅप एकाच कंपनीनं सगळं लिहिलेलं नसतं. जाहिरात दाखवायला, वापर मोजायला बाहेरच्या कंपन्यांचे तयार तुकडे त्यात जोडलेले असतात. त्यांना एसडीके म्हणतात. सकाळचं पंचांग, दुपारचा पत्त्यांचा गेम आणि रात्रीच्या बातम्या ही तीन वेगळ्या लोकांची अ‍ॅप असली, तरी तिन्हींत एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा असू शकतो. तुमच्या फोनला जाहिरातींसाठी एक ओळख क्रमांक असतो. तिन्हीकडून तोच क्रमांक गेला की तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या नावे जमा होतात.

खरं तर नावाची गरजच पडत नाही. एखादा फोन रात्रभर जुळे सोलापुरात आणि दिवसभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असेल, तर घर कुठलं आणि काम कुठलं हे सांगावं लागत नाही. तोच फोन आठवड्यातून दोनदा डायलिसिस सेंटरवर चार-चार तास थांबला, की आजारही कळला.

२. माझ्या फोनमध्ये लपवण्यासारखं काहीच नाही. मग मी कशाला काळजी करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्या फोनमधली माहिती एकट्या तुमची नसते. कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये वहिनीचा नंबर आहे, पुण्यात होस्टेलला राहणाऱ्या भाचीचा आहे, यंत्रमागावर येणाऱ्या कामगारांचे आहेत. त्यांना कुणीही विचारलेलं नसतं. तुम्ही एकदा ‘अलाऊ’ दाबलं की त्यांच्या वतीनंही होकार दिला जातो. नंतर वसुलीवाल्याचा शिवराळ फोन जातो तो भाचीला. (कसा, ते प्रश्न ७ मध्ये आहे.)

आणि लपवण्यासारखं असण्या-नसण्याचा इथे संबंध नाही. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं आहे.

३. घरात वॉशिंग मशीनबद्दल नुसतं बोललो, तासाभरात तीच जाहिरात! फोन आपलं बोलणं ऐकतो का?

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. गुपचूप माइक चालू करून बोलणं बाहेर पाठवणारं अ‍ॅप त्यांना सापडलं नाही. मात्र काही अ‍ॅप आपल्या स्क्रीनवर चाललेलं चित्रित करून तिसऱ्या कंपनीला पाठवत होती.

मग जाहिरात आली कशी? बोलणं झाल्यावर घरातल्या कुणीतरी मशीनची किंमत शोधलेली असते, आणि सगळे एकाच वायफायवर असतात. किंवा गेल्या रविवारी तुम्ही होटगी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अर्धा तास होतात आणि लोकेशन चालू होतं. शिवाय न जुळलेल्या शंभर जाहिराती आपण विसरतो आणि जुळलेली एक लक्षात ठेवतो. फोनला ऐकण्याची गरज पडत नाही इतकं आपण त्याला आधीच दिलेलं असतं, ही माझ्या मते जास्त गंभीर गोष्ट आहे.

खात्री करायची असेल तर स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवा. अँड्रॉइड १२ पासून माइक किंवा कॅमेरा चालू असताना तिथे हिरवी खूण दिसते. आयफोनवर माइकसाठी नारिंगी आणि कॅमेऱ्यासाठी हिरवा ठिपका येतो.

४. कुठल्या अ‍ॅपला कुठली परवानगी द्यावी, हे कसं ओळखायचं?

अ‍ॅपचं काम काय आणि ते मागतंय काय, हे शेजारी ठेवून पाहा. रिक्षा बोलवायच्या अ‍ॅपला लोकेशन लागणारच. टॉर्चला कशाला? २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं एका लोकप्रिय टॉर्च अ‍ॅपवर कारवाई केली होती. ते वापरणाऱ्यांचं लोकेशन जाहिरात कंपन्यांना देत होतं. आता तर टॉर्च फोनमध्येच असतो, वेगळ्या अ‍ॅपची गरजच नाही.

लोकेशन, कॅमेरा, माइक यांना ‘अ‍ॅप वापरताना फक्त’ किंवा ‘फक्त या वेळी’ हा पर्याय निवडा. हवामानाच्या अ‍ॅपला सोलापूर कळलं तरी पुरे, गल्ली कळायची गरज नाही. म्हणून ‘अचूक लोकेशन’ बंद करा. फोटोंसाठी नव्या फोनमध्ये निवडक फोटोच देता येतात.

तीन परवानग्यांबाबत मात्र मी कडक आहे. एसएमएस, कारण त्यात ओटीपी येतो. कॉन्टॅक्ट, कारण ते दुसऱ्यांचे आहेत. आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी. ही शेवटची सोय दृष्टिहीन आणि अपंग वापरकर्त्यांसाठी आहे. ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं. टॉकबॅकसारखं (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) खरोखर गरजेचं काही वापरत नसाल, तर ती कुणालाही देऊ नका.

५. मी तर आजवर सगळीकडे ‘अलाऊ’ दाबत आलोय. आता काय उपयोग?

उपयोग आहे. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग परमिशन मॅनेजर. तिथे लोकेशनवर दाबा. ‘नेहमी परवानगी’ या मथळ्याखाली कोण बसलंय ते बघा. एका बैठकीत एका काकूंच्या फोनमध्ये तिथे रांगोळीच्या डिझाइनचं अ‍ॅप निघालं. त्यांनी ते दिवाळीत एकदा उघडलं होतं, पुन्हा हातही लावला नव्हता. असंच माइक, कॉन्टॅक्ट आणि एसएमएसचं बघा. अँड्रॉइड १२ किंवा पुढचा फोन असेल तर प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये गेल्या चोवीस तासांत कुणी केव्हा काय वापरलं, हे वेळेसकट दिसतं.

त्यानंतर न वापरलेली अ‍ॅप काढून टाका आणि गुगलच्या ‘अ‍ॅड्स’ सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात आयडी डिलीट करा. आयफोनवर एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ पासून अ‍ॅपला ट्रॅकिंगसाठी विचारावंच लागतं. ‘ट्रॅक करू नका’ असं सांगा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: परवानगी काढली की पुढची गळती थांबते, पण आधी गेलेली माहिती परत येत नाही. कंपनीकडची ती माहिती पुसायची तर त्या अ‍ॅपमधलं खातं डिलीट करावं लागतं. फोनवरून अ‍ॅप उडवलं म्हणजे खातं मिटलं असं होत नाही.

६. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली, ओळखीच्याच नंबरवरून. उघडली तर काहीच दिसलं नाही. काही झालं असेल का?

फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होतं का? तसं असेल तर ती पत्रिका नव्हती, ते अ‍ॅप होतं. पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ असते. वाहतूक चलन, पीएम किसानची यादी, बँकेची केवायसी, वीजबिल थकल्याची नोटीस, अशा सगळ्या रूपांत हे येतं. लग्नसराईत पत्रिकेचं सोंग चालतं, कारण आपल्याकडे आमंत्रण उघडून न पाहणं हा यजमानाचा अपमान मानतात.

नुसती फाइल डाउनलोड झाली आणि तुम्ही ‘इन्स्टॉल’ दाबलं नाही, तर ती डिलीट करा. बहुधा काही झालेलं नाही. इन्स्टॉल केलं असेल तर ते अ‍ॅप एसएमएसची आणि अनेकदा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी घेतं, स्वतःचं चिन्ह लपवतं आणि आलेले ओटीपी पुढे पाठवत राहतं. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच पत्रिका तुमच्या सगळ्या नातेवाइकांना जाते, म्हणूनच तुम्हाला ती ओळखीच्या नंबरवरून आली होती.

आता क्रम महत्त्वाचा. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. गेलेली रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येते, पण त्यासाठी मिनिटं मोजावी लागतात. ‘उद्या बँकेत जाऊन बघू’ म्हणालात की ती निसटली. पासवर्ड दुसऱ्याच फोनवरून बदला. नंतर फोटो आणि नंबर वाचवून फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा. आणि नातेवाइकांना कळवा. लाज वाटते म्हणून लोक हे टाळतात आणि तोवर मावसभावाचं खातं रिकामं होतं.

कॉल दुसरीकडे वळवले गेले असतील अशी शंका असेल तर ##००२# डायल करा. सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं.

७. लोन अ‍ॅपवरून पाच हजार घेतले. आता माझ्या सगळ्या नातेवाइकांना फोन जातायत. काय करू?

पहिलं म्हणजे घाबरून दुसऱ्या अ‍ॅपवरून कर्ज काढून हे फेडू नका. कुंभारीच्या वसाहतीत एका ताईंनी फोन पुढे केला तेव्हा त्यावर अशीच एकाखाली एक सात अ‍ॅप होती. पहिल्याचे फेडायला दुसरं, दुसऱ्याचे फेडायला तिसरं. सातही जणांकडे त्यांची कॉन्टॅक्ट लिस्ट, आणि त्यात विडी कारखान्यातल्या मुकादमापासून मुलाच्या वर्गशिक्षिकेपर्यंत सगळे. त्या रडत होत्या त्या पैशांसाठी नव्हे. बाईंना आता तोंड कसं दाखवायचं, यासाठी.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनं तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाइल आणि फोटो यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त केवायसीपुरतं, एकदाच, तुमच्या संमतीनं. गुगल प्लेनंही २०२३ पासून कर्जाच्या अ‍ॅपना फोटो आणि कॉन्टॅक्ट मागायला बंदी केली आहे. म्हणजे एखादं कर्जाचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट मागतंय, एवढ्यावरूनच ते टाकाऊ आहे हे ठरतं. पुढे वाचायचीसुद्धा गरज नाही.

फोन सुरू झालेच असतील तर स्क्रीनशॉट, कॉलच्या नोंदी, पैसे पाठवल्याच्या पावत्या जपून ठेवा. परवानग्या काढा (प्रश्न ५). कॉन्टॅक्टमधल्या लोकांना तुम्हीच आधी एक ओळ पाठवा: ‘माझ्या नावानं धमकीचे फोन येतील, उत्तर देऊ नका, पैसे पाठवू नका.’ फोटोत छेडछाड करून पाठवणं, शिवीगाळ, धमकी हे गुन्हे आहेत. तक्रार १९३० वर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा. बेकायदा सावकारीची माहिती रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर देता येते. कर्ज देणारी संस्था खरोखर नोंदणीकृत असेल तर घेतलेलं मुद्दल फेडावं लागेलच. पण कर्ज थकलं म्हणून तुमच्या माणसांना छळायचा परवाना कुणालाही मिळत नाही.

८. पोलिसांत जायचं तर नेमकं कुठे?

१९३० आणि पोर्टल कुठूनही चालतं. शहरात राहत असाल तर पोलिस आयुक्तालयाचं सायबर पोलिस ठाणं. अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, पंढरपूर हा भाग ग्रामीण पोलिस अधीक्षकांकडे येतो. जवळच्या ठाण्यात ‘हे आमच्याकडे नाही’ असं सांगितलं तर हद्द कुठलीही असो, शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

९. झेरॉक्सच्या दुकानात आधार व्हॉट्सअ‍ॅप करून प्रिंट काढतो. त्यात धोका आहे का?

आहे. दुकानदार भला असला तरी त्याच्या संगणकावरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये दिवसभराच्या लोकांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकं पडून असतात, आणि त्या संगणकावर दिवसभर कोणीही बसतं. प्रिंट झाल्यावर आपल्यासमोर फाइल डिलीट करायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं असेल तर स्वतःच्या फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन लॉगआउट करा.

शक्य तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. लाडकी बहीण, पीक विमा किंवा कुठल्याही योजनेचा फॉर्म भरताना ओटीपी वाचून दाखवण्याऐवजी मेसेज पूर्ण वाचा आणि स्वतः टाइप करा. ओटीपी कशासाठी आहे ते त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं.

१०. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं तर रेशन मिळेल का?

लॉक असताना अंगठा चालणार नाही, त्यामुळे रेशन दुकानावर अडेल. जाण्याआधी तात्पुरतं अनलॉक करा, काम झालं की ते आपोआप पुन्हा लॉक होतं. तरीही लॉक करावं असं मी सांगतो, कारण आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या यंत्राला ओटीपी लागत नाही, ठसा पुरतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दर महिन्याला हे जमणार नसेल आणि मदतीला कुणी नसेल, तर मात्र धान्य अडवून सुरक्षा साधू नका. त्यांच्या खात्याला एसएमएस चालू ठेवा आणि पासबुक नियमित भरून घ्या. आधारबद्दल शंका असेल तर १९४७ ला विचारता येतं.

११. बिल करताना मोबाइल नंबर द्यावाच लागतो का?

नाही. ग्राहक व्यवहार मंत्रालयानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलं आहे की नंबर दिला नाही म्हणून माल किंवा बिल नाकारू नये. ‘नंबरशिवाय करा’ एवढं म्हणा.

१२. आमच्या घरात एकच फोन आहे, पाच जण वापरतात. त्याचं काय?

शहराच्या पूर्व भागात ही नेहमीची गोष्ट आहे, आणि सुरक्षेचे बहुतेक सल्ले ‘एक माणूस, एक फोन’ धरून लिहिलेले असतात. अशा घरात बँक, यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅपला अ‍ॅप लॉक लावा. फोनमध्ये ‘मल्टिपल युजर्स’ असेल तर मुलांसाठी वेगळा युजर करा. ती सोय नसेल तर ‘स्क्रीन पिनिंग’ वापरा आणि बाहेर पडताना पिन मागायचा पर्याय चालू ठेवा: मुलाच्या हातात गेम दिला की तो त्यातून बाहेर पडू शकत नाही. आणि नवीन अ‍ॅप घरातला कोण एक जण टाकणार, ते ठरवून घ्या.

१३. मुलगा दिवसभर गेम खेळतो. त्याची माहितीही जाते का?

जाते, आणि तो तुमच्या खात्यावर खेळत असेल तर प्रौढ माणसाची म्हणून जाते. मुलाचं खातं खऱ्या जन्मतारखेनं काढा आणि गुगलच्या फॅमिली लिंकला (पालकांना मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायची सोय) जोडा. नव्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्यांचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई आहे. (कायदा केव्हा लागू, ते पुढच्या प्रश्नात.)

१४. याबद्दल कायदा आहे की नाही?

आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी नियमांपासून दीड वर्षाची मुदत दिली आहे. तुमची कोणती माहिती आहे हे विचारणं, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेणं, दिलेली संमती मागे घेणं, हे हक्क त्यात आहेत. कंपनीला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

आपल्या शहराच्या कामाची तरतूद वेगळीच आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, चारही. जे वाचताच येत नाही त्याला दिलेली संमती ही संमती नव्हे, असं मी मानतो, त्यामुळे ही भाषा मागून घ्या. सरकारी यंत्रणांना मात्र कायद्यात बऱ्याच सवलती आहेत, आणि त्या मला जास्त वाटतात.

१५. कारखान्यानं हजेरीचं अ‍ॅप माझ्याच फोनमध्ये टाकायला लावलंय. नाही म्हणता येईल का?

सरसकट उत्तर नाही. नोकरीसंबंधी काही कारणांसाठी मालकाला वेगळी संमती न घेता माहिती वापरता येते, असं कायदाच म्हणतो. पण हजेरीसाठी गेटवर असल्याचं कळणं पुरेसं आहे. रात्री दहाला तुम्ही कंबर तलावावर फिरताय हे कळण्याशी हजेरीचा संबंध नाही. लोकेशन ‘अ‍ॅप वापरताना फक्त’ ठेवा आणि हजेरी लावून झाल्यावर अ‍ॅप बंद करा. कॉन्टॅक्ट, एसएमएस, फोटो नाकारा. अ‍ॅप त्यावर अडत असेल तर एकट्यानं वाद घालू नका. चार-पाच जणांनी मिळून लेखी विचारा की ही माहिती कशासाठी आणि किती दिवस ठेवणार.

१६. मग लोकेशन कायमचं बंदच ठेवलं तर?

ठेवू शकता, पण गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत फोन पडला तर गुगलच्या ‘फाइंड हब’नं (आधीचं ‘फाइंड माय डिव्हाइस’) तो शोधणं कठीण होईल. रात्रपाळीवरून एकटी येणारी मुलगी घरच्यांना लाइव्ह लोकेशन देत असेल तर ते चालूच असावं. बंद करायचं ते अ‍ॅपसाठी, माणसांसाठी नव्हे. आणि बंद केल्यानं तुम्ही पूर्ण अदृश्य होत नाही. आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, शहराचा अंदाज येतोच. व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) तो पत्ता झाकतो, पण अ‍ॅपला दिलेल्या परवानग्या आणि जाहिरात आयडी तसेच राहतात.

हरवलेला फोन आधी पोलिसांत नोंदवा आणि संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा. तुमच्या नावावर भलतीच सिमकार्डं चालू आहेत का, हेही त्याच पोर्टलवर दिसतं.

१७. घरातलंच कुणीतरी माझ्या फोनवर पाळत ठेवतंय असं वाटतं. अ‍ॅप शोधून काढून टाकू का?

लगेच नको. हा प्रश्न बायका बहुतेक वेळा बैठक संपल्यावर, बाजूला येऊन विचारतात. पाळतीचं अ‍ॅप अचानक बंद पडलं की ठेवणाऱ्याला कळतं, आणि त्यातून मारहाणीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. शिवाय पुरावाही जातो.

आधी ज्याला त्या माणसाचा हात लागत नाही असा फोन शोधा. मैत्रिणीचा, बहिणीचा, कामावरचा. बोलणं, शोधणं, मदत मागणं त्यावरून करा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीचं संकट असेल तर ११२. स्वतःचा फोन नेहमीसारखाच वापरत राहा. सुरक्षित जागी असाल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपचं लिंक्ड डिव्हायसेस, गुगल खात्यातली ‘युअर डिव्हायसेस’ यादी, अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स’ या चार जागा पाहा. अनोळखी नाव दिसलं तर त्याचा फोटो दुसऱ्या फोननं काढा. स्क्रीनशॉट घेऊ नका, तो त्याच फोनमध्ये राहतो. काढून टाकायचं केव्हा, हे तुमच्या सुरक्षिततेची सोय झाल्यावर, मदत करणाऱ्या समुपदेशक किंवा पोलिसांशी बोलून ठरवा. त्या वेळी सगळे पासवर्ड नवीन फोनवरून बदला, त्या फोनला नवा पिन ठेवा, आणि जुना फोन पुन्हा त्याच खात्यानं उघडू नका.